खेड्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयातून आयआयटी, एम्सपर्यंत: प्रवेश नेमका कशावर ठरतो?

नागपूर परिसरात गेल्या दशकभरात राष्ट्रीय दर्जाच्या संस्था एकामागून एक उभ्या राहिल्या. २०१५ मध्ये आयआयएम आले, २०१६ मध्ये ट्रिपल आयटी आणि महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ सुरू झाले, २०१८ मध्ये एम्सची पहिली तुकडी दाखल झाली. आणि १९६० पासून चालत आलेले व्हीएनआयटी, म्हणजे नागपूरचे एनआयटी, तर शहराच्या मध्यावरच आहे. भिवापूर, कुही, पारशिवनी किंवा नरखेडहून एसटीने सकाळी निघालेला माणूस यांपैकी कोणत्याही संस्थेच्या फाटकाशी दुपारच्या आत पोहोचतो. तरीही दरवर्षी बारावीचा निकाल लागला की या तालुक्यांतील चांगले गुण मिळवलेली कितीतरी मुले जवळच्या महाविद्यालयात, जागा शिल्लक असेल त्या शाखेत नाव घालून मोकळी होतात. याचे कारण केवळ गुण कमी पडणे हे नसते. प्रवेशाचे नियम कळायला हवे होते तेव्हा ते कोणी सांगितले नाहीत, हे कारण अनेकदा त्याहून मोठे असते. हे नियम किचकट असले तरी दहावी-अकरावीतल्या मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना समजणार नाहीत असे नाहीत.

शाळा लहान असल्याचा तोटा होतो का?

पालकांची पहिली शंका हीच असते की एवढ्याशा गावातल्या कॉलेजचे नाव पाहून मुलाला कोण घेणार. या शंकेचे उत्तर स्पष्ट आहे. आयआयटी, एनआयटी, एम्स, शासकीय वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालये यांच्या प्रवेशात शाळेचे नाव, मुख्याध्यापकांचे शिफारसपत्र किंवा मुलाखत यांना कोणतेही स्थान नाही. सामाईक परीक्षेतील क्रमांक, आरक्षणाचा प्रवर्ग, राज्याची पात्रता आणि विद्यार्थ्याने भरलेला पसंतीक्रम एवढ्याच गोष्टी संगणक पाहतो.

बारावीचे गुण बहुतेक ठिकाणी केवळ पात्रतेपुरते लागतात. आयआयटी आणि एनआयटीसाठी बारावीत ७५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ६५ टक्के गुण हवेत, किंवा विद्यार्थी आपल्या बोर्डाच्या वरच्या २० टक्क्यांत असावा लागतो. वैद्यकीयसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के पुरतात. दिल्ली विद्यापीठात २०२१ पर्यंत बारावीच्या गुणांच्या कटऑफवर प्रवेश होत असे. २०२२ पासून तेथेही सीयूईटी ही सामाईक परीक्षा आली, आणि कला-वाणिज्य शाखेच्या ग्रामीण विद्यार्थ्यासाठी हा बदल मोलाचा आहे, कारण ज्या बोर्डात गुण हात राखून दिले जातात तेथील मुलगाही आता त्याच रांगेत उभा राहतो. निबंध, मुलाखत आणि शाळेबाहेरचे उपक्रम पाहणारी काही खासगी विद्यापीठे आहेत, परंतु त्यांची प्रक्रिया प्रत्येकाची वेगळी असल्याने येथे शासकीय संस्थांचाच विचार केला आहे.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत

अभियांत्रिकी प्रवेशाची जेईई मेन ही परीक्षा अनेक दिवस, सकाळच्या आणि दुपारच्या पाळ्यांत चालते आणि प्रत्येक पाळीची प्रश्नपत्रिका वेगळी असते. एखादी पाळी सोपी, एखादी अवघड जाणारच. शाळेच्या क्रीडास्पर्धेत एक गट कोरड्या मैदानावर धावला आणि दुसरा गट पाऊस पडून गेल्यावर चिखलात धावला, तर दोन्ही गटांचे सेकंद शेजारी मांडून तुलना करणे अन्यायाचे होईल. प्रत्येकाने आपल्या गटातील किती जणांना मागे टाकले, हे मोजणे अधिक योग्य ठरेल. पर्सेंटाइल नेमके हेच मोजते. ९० पर्सेंटाइल याचा अर्थ त्या पाळीतील दर शंभरांपैकी नव्वद जणांना तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुण आहेत.

हा आकडा मोठा दिसतो आणि येथेच अनेक घरांत गैरसमज होतो. २०२५ मध्ये दोन्ही सत्रे मिळून सुमारे पावणेपंधरा लाख विद्यार्थ्यांनी ही परीक्षा दिली, म्हणजे ९९ पर्सेंटाइल मिळवलेल्याच्याही पुढे जवळपास पंधरा हजार विद्यार्थी होते. जेईई मेनमधून आघाडीचे अडीच लाख विद्यार्थी जेईई ॲडव्हान्स्डला पात्र ठरतात आणि त्यांतून देशातील २३ आयआयटींच्या सुमारे अठरा हजार जागा भरल्या जातात. या अडीच लाखांत प्रत्येक प्रवर्गाचा वाटा वेगळा असतो. त्यामुळे २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी ॲडव्हान्स्डची पात्रता खुल्या प्रवर्गासाठी ९३ पर्सेंटाइलच्या किंचित वर, तर ओबीसींसाठी ७९ च्या पुढे होती. ‘पोराला नव्वद पडले’ म्हणून पेढे वाटण्यापूर्वी किंवा ‘ऐंशीच पडले’ म्हणून अर्ज सोडून देण्यापूर्वी प्रवर्गाची सीमारेषा पाहायला हवी. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेत मात्र पर्सेंटाइलची गुंतागुंत कमी आहे. ती एकाच दिवशी, एकाच पाळीत, कागद-पेनाने ७२० गुणांची होते.

मराठी माध्यमातून शिकलेल्याचे काय?

नीट, सीयूईटी आणि २०२१ पासून जेईई मेन या परीक्षा तेरा भाषांत होतात आणि त्यांत मराठी आहे. भाषा अर्ज भरतानाच निवडावी लागते. जेईई ॲडव्हान्स्ड मात्र केवळ इंग्रजी आणि हिंदीत असते, आणि राज्याच्या एमएचटी-सीईटी या प्रवेशपरीक्षेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्राचे प्रश्न मराठीत मिळत असले तरी गणिताची प्रश्नपत्रिका इंग्रजीतच असते. भाषांतरात तफावत आढळल्यास जेईई मेनमध्ये इंग्रजी मजकूर ग्राह्य धरला जातो.

दहावीपर्यंत मराठी माध्यमात असलेल्या मुलाने अकरावी विज्ञानाची इंग्रजी पुस्तके हाती आल्यावर दिवाळीपर्यंतचा काळ चाचपडत घालवणे, ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट आहे. दहावीच्या परीक्षेनंतरच्या दोन-अडीच महिन्यांच्या सुटीत विज्ञान-गणिताच्या संज्ञा इंग्रजीतून ओळखीच्या करून घेतल्या, तर ही अडचण बरीच सोपी होते. माझे मत असे की प्रश्नपत्रिकेसाठी मराठी निवडायची की नाही, हा निर्णय अभिमानावर किंवा संकोचावर न सोडता दोन्ही भाषांत सराव चाचण्या देऊन घ्यावा, कारण दोन वर्षे इंग्रजी संज्ञांत अभ्यास केलेल्याला परीक्षेत शुद्ध मराठी संज्ञा अधिक परक्या वाटू शकतात.

बारावी कुठून केली, याला एवढे महत्त्व का?

सर्वाधिक नुकसान करणारा आणि सर्वांत कमी माहीत असलेला नियम हा आहे. प्रत्येक एनआयटीत निम्म्या जागा गृहराज्याच्या, म्हणजे ती संस्था ज्या राज्यात आहे तेथील विद्यार्थ्यांसाठी राखीव असतात. व्हीएनआयटीच्या निम्म्या जागा अशा रीतीने महाराष्ट्राच्या आहेत. परंतु येथे राज्य ठरते ते जन्मावरून किंवा अधिवासावरून नव्हे, तर विद्यार्थ्याने बारावीची परीक्षा कोणत्या राज्यातून दिली यावरून. पिढ्यान्‌पिढ्या काटोलमध्ये राहणाऱ्या घरातील मुलाने शिकवणीसाठी राजस्थानातील कोटा शहरात जाऊन तेथील शाळेतून बारावी केली, तर व्हीएनआयटीसाठी तो बाहेरचा ठरतो आणि राजस्थानच्या एनआयटीसाठी घरचा. रामटेक, सावनेर, नरखेड हे तालुके मध्य प्रदेशाला लागून असल्याने नातेवाइकांकडे राहून छिंदवाडा किंवा बालाघाटकडे शिकणाऱ्या मुलांनाही हाच नियम लागू होतो.

वैद्यकीय प्रवेशाचा नियम आणखी कडक आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातून आणि १५ टक्के जागा देशपातळीवरून भरल्या जातात. नागपूरचे १९४७ मध्ये स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, अर्थात आपले मेडिकल, आणि मेयो, म्हणजे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, यांतील राज्य कोट्याची जागा हवी असेल, तर महाराष्ट्राच्या अधिवास प्रमाणपत्राबरोबर दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातून उत्तीर्ण झालेल्या असाव्या लागतात. सीमेपलीकडे दहावी केलेल्या मुलाला हे नीटचा निकाल लागल्यावर कळते आणि तेव्हा काहीही दुरुस्त करता येत नाही. एम्सला हा राज्य कोटा नाही. नागपूरच्या एम्समध्येही देशभरातून, अखिल भारतीय क्रमांकावरच प्रवेश होतो, त्यामुळे घराजवळ असूनही तेथे नागपूरकराला सवलत मिळत नाही.

गावातल्या कॉलेजातून बारावी करणे कमीपणाचे मानणाऱ्या पालकांनी हा नियम नीट समजून घ्यावा. बाहेरच्या राज्यात ‘डमी’, म्हणजे केवळ नावापुरता, प्रवेश घेऊन देणारे पैसे घेताना याबद्दल क्वचितच बोलतात.

कागदपत्रे: अकरावीतच का?

प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की तहसील कार्यालयात आणि सेतू केंद्रावर उन्हात रांगा लागतात, सर्व्हर बंद पडतो आणि मुदत संपत येते. दाखला न मिळाल्याने राखीव जागेचा हक्क गमावून खुल्या प्रवर्गात लढावे लागणे, ही हुशार मुलाच्या बाबतीत अत्यंत वेदनादायक आणि पूर्णपणे टाळता येण्याजोगी गोष्ट आहे.

राज्याच्या प्रवेशात मागास प्रवर्गाच्या विद्यार्थ्याला जातीच्या दाखल्याबरोबरच जात वैधता प्रमाणपत्र लागते. ते जात पडताळणी समिती देते आणि अर्ज कनिष्ठ महाविद्यालयामार्फत करता येतो. समिती जुने पुरावे मागते: कुटुंबाचे वास्तव्य आणि जात दाखवणारी नोंद अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्ग व विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीची असावी लागते. विदर्भात ही नोंद बहुधा आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये किंवा कोतवाल पंजीच्या, म्हणजे गावातील जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीच्या, नकलेत सापडते. आजोबा भूमिहीन मजूर असतील आणि शाळेत गेले नसतील, तर ही शोधाशोध महिनोन्‌महिने चालू शकते. म्हणून ती अकरावीत सुरू व्हायला हवी. वडिलांच्या बाजूच्या सख्ख्या नातेवाइकाला वैधता मिळालेली असेल, तर ती सोबत जोडावी. काम बरेच सोपे होते.

केंद्राच्या संस्थांना हे वैधता प्रमाणपत्र लागत नाही, पण त्यांचा आग्रह वेगळ्या कागदाचा असतो. ओबीसी विद्यार्थ्याला केंद्र शासनाच्या नमुन्यातील नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र हवे, म्हणजे कुटुंब आर्थिकदृष्ट्या प्रगत गटात मोडत नसल्याचा दाखला, आणि तो त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेला असावा लागतो. राज्याच्या नमुन्यातील, मागल्या वर्षीचा दाखला घेऊन गेलेली मुले येथे अडतात. शिवाय आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का, हेही तपासावे लागते, कारण राज्याची आणि केंद्राची यादी एक नाही. ईडब्ल्यूएस, अर्थात आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या १० टक्के जागांसाठी केंद्राची अट केवळ आठ लाखांखालील उत्पन्नाची नाही. पाच एकर किंवा त्याहून अधिक शेती असलेले कुटुंब केंद्राच्या नियमांनुसार या प्रवर्गातून बाद होते. सहा एकर कोरडवाहू कपाशीवर घर चालवणाऱ्या शेतकऱ्याला ही अट जाचक वाटेल आणि मलाही ती आपल्या भागाच्या वास्तवाशी विसंगत वाटते, परंतु आज नियम तोच आहे.

याशिवाय दहावीच्या गुणपत्रिकेवरील नाव, आधार कार्डावरील नाव आणि बँक खात्यावरील नाव एकच असल्याची खात्री करून घ्यावी.

पसंतीक्रम भरताना वरची जागा मागितली तर खालची जाते का?

जात नाही. आयआयटी, एनआयटी आणि ट्रिपल आयटी यांचे प्रवेश २०१५ पासून जोसा या एकाच यंत्रणेतून होतात. तेथे हव्या तितक्या पसंती भरता येतात आणि प्रत्येक पसंतीचे वेगळे शुल्क नसते. संगणक पहिल्या पसंतीपासून सुरुवात करतो. तुमच्या क्रमांकाला ती जागा मिळत नसेल, तरच दुसरीकडे वळतो. दुसऱ्या पसंतीच्या जागेवर तुमचा आणि आणखी कोणाचा दावा असेल, तर ज्याचा क्रमांक वरचा त्यालाच ती मिळते. त्याने ती जागा पहिली लिहिली होती आणि तुम्ही विसावी, याने काहीही फरक पडत नाही. म्हणून मिळण्याची शक्यता पाहून नव्हे, तर मनापासून हव्या असलेल्या क्रमानेच यादी लिहावी आणि ती लांब ठेवावी.

जागा मिळाल्यावर तीन पर्याय असतात. ‘फ्रीझ’ म्हणजे हीच जागा पक्की. ‘फ्लोट’ म्हणजे ही हातात ठेवून यादीतील वरच्या कोणत्याही जागेसाठी पुढील फेरीची वाट पाहणे. ‘स्लाइड’ म्हणजे संस्था तीच, पण वरच्या पसंतीची शाखा हवी. वरची जागा मिळाली की आधीची आपोआप सुटते, हे लक्षात ठेवावे. राज्याच्या अभियांत्रिकीच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेत, म्हणजे कॅप फेऱ्यांत, नियम थोडे वेगळे आहेत. पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीची जागा मिळाली तर ती स्वीकारणे बंधनकारक असते.

मुलींनी आणखी एक गोष्ट पाहावी. आयआयटीत २०१८ पासून मुलींसाठी वाढीव जागा आहेत आणि त्यांचा शेवटचा क्रमांक स्वतंत्रपणे जाहीर होतो, त्यामुळे मागील वर्षाचे तक्ते वाचताना मुलींचा रकाना वेगळा वाचायला हवा.

खर्च कसा पेलणार?

आयआयटीचे शिक्षणशुल्क वर्षाला दोन लाख रुपये आहे, हे ऐकूनच अनेक वडील विषय संपवतात. अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना हे शुल्क पूर्ण माफ असते. कोणत्याही प्रवर्गातील कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत असेल तर पूर्ण माफी आणि एक ते पाच लाखांच्या दरम्यान असेल तर दोन तृतीयांश माफी मिळते. एनआयटींतही अशीच रचना आहे. म्हणजे तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला येथे थेट पैशांत मोजला जातो. वसतिगृह आणि मेसचा खर्च मात्र वेगळा असतो. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) प्रवर्गातील मुलींचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क शासन भरते. केंद्राच्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतील विद्यार्थ्याला तारण आणि जामीनदाराशिवाय शैक्षणिक कर्ज मिळते.

या सगळ्यापेक्षा अवघड जाते ती पहिली रक्कम. जागा मिळाल्यावर ती राखण्यासाठीचे शुल्क चार-पाच दिवसांत ऑनलाइन भरावे लागते. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातील मुझफ्फरनगर जिल्ह्यातील एका मजुराच्या मुलाची आयआयटी धनबादमधील जागा १७,५०० रुपये मुदतीत भरता न आल्याने गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने ३० सप्टेंबर २०२४ रोजी विशेष अधिकार वापरून ती परत देण्याचा आदेश दिला. प्रत्येकाला दिल्लीपर्यंत जाता येत नाही. म्हणून जून महिन्यात, पेरणीच्या ऐन घाईत ही रक्कम लागणार आहे हे आधीच धरून ती वेगळी ठेवावी आणि खात्याची ऑनलाइन भरण्याची मर्यादा बँकेत विचारून घ्यावी.

महागड्या शिकवणीशिवाय हे जमते का?

काहींना जमते, सर्वांना नाही, आणि याबाबत खोटी आशा दाखवणे मला योग्य वाटत नाही. जेईई ॲडव्हान्स्डची काठिण्यपातळी अशी आहे की प्रयोगशाळा बंद आणि भौतिकशास्त्राचे पद रिक्त असलेल्या कॉलेजातल्या मुलावर तेथे खरोखर अन्याय होतो. परंतु शिकवणीचा अभाव म्हणजे मार्ग बंद, असेही नाही. नागपुरातच मुख्यालय असलेली महाज्योती ही शासकीय संस्था ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांना जेईई, नीट आणि सीईटीचे मोफत ऑनलाइन प्रशिक्षण टॅब व इंटरनेटसह देते. त्याचे अर्ज दहावीनंतर लगेच मागवले जातात. आयआयटी कानपूर आणि केंद्रीय शिक्षण मंत्रालयाचे ‘साथी’ हे संकेतस्थळ सर्वांसाठी विनामूल्य आहे. राज्य मंडळाच्या मुलाने जेईई-नीटसाठी एनसीईआरटीची पुस्तके वेगळी वाचायला हवीत, कारण एमएचटी-सीईटी राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर असते, पण राष्ट्रीय परीक्षा तशा नसतात.

कॉलेजातील एखाद्या शिक्षकाने केवळ तारखा सांभाळल्या तरी मोठे काम होईल. जेईई मेनच्या पहिल्या सत्राचे अर्ज दिवाळीच्या आसपास निघतात, म्हणजे नेमके तेव्हा, जेव्हा कॉलेजला सुटी असते. नीटचे अर्ज बारावीच्या बोर्डाच्या धामधुमीत येतात. जेईई मेनची सकाळची पाळी नऊला सुरू होते, त्यामुळे दूरच्या तालुक्यातील मुलाची आदल्या रात्रीची नागपुरातील सोय आधीच करावी लागते.

एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा द्यावी का?

नीटला वयाची वरची मर्यादा नाही आणि प्रयत्नांचीही नाही. जेईई मेन बारावीचे वर्ष धरून सलग तीन वर्षे देता येते, तर ॲडव्हान्स्ड केवळ बारावीच्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षी. ज्याने जोसातून एकदा आयआयटीची जागा स्वीकारली, त्याला ॲडव्हान्स्डला पुन्हा बसता येत नाही. म्हणून नको असलेली शाखा ‘सध्या घेऊन ठेवू’ असे म्हणण्यापूर्वी विचार करावा. पुन्हा परीक्षा देणाऱ्या ओबीसी विद्यार्थ्याला केंद्राच्या नमुन्यातील नॉन-क्रिमीलेअर दाखला त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर नव्याने काढावा लागतो. जात वैधता प्रमाणपत्र मात्र एकदाच काढावे लागते, ते पुढेही चालते.